आवाज आला म्हणून बघितलं

(बेंगळुरूमधील मराठी मंडळाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानाला बोलावल्यावर वक्त्याने स्मृतीवरच संशय घ्यायचा, हा जरा आगाऊपणा आहे. पण मी ३४ वर्षं सीमेलगतच्या एका तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक आरोपीच्या बाजूने. दुसऱ्याच्या आठवणीवर संशय घेणं हाच माझा धंदा. धंदा बंद करून मुलाकडे बेंगळुरूला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण इथे आल्यावर स्वतःच्याच आठवणीची उलटतपासणी घ्यायची पाळी आली.

निमित्त झालं एका आवाजाचं. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो ऐकला आहे. २० मे २०२०, बुधवार. लॉकडाउनचा चौथा टप्पा नुकताच सुरू झालेला, तिकडे बंगालच्या किनाऱ्यावर अम्फान वादळ धडकायला आलेलं, आणि इथे दुपारी एक वीसच्या सुमाराला धडाम्. व्हाइटफील्डला ऐकू आला, हेब्बाळला ऐकू आला, इलेक्ट्रॉनिक सिटीला ऐकू आला. खिडक्या थरथरल्या. कुणाला भूकंप वाटला, कुणाला स्फोट, कुणाला सिलिंडर, आणि वादळाच्या बातम्या पाहत बसलेल्यांना वादळ. आपत्ती निवारण केंद्राने सांगितलं, भूकंपमापकावर काहीच नोंद नाही. मग संध्याकाळी संरक्षण खात्याचा खुलासा आला. हवाई दलाच्या विमानाची नेहमीची चाचणी होती, त्यात स्वनातीत वेगाचा भाग होता, आणि ३६ ते ४० हजार फुटांवर वेग पुन्हा ध्वनीच्या खाली आणताना हा आवाज झाला असावा. विमान शहराच्या हद्दीबाहेर होतं. असा आवाज ६५ ते ८० किलोमीटर अंतरावरूनही ऐकू येतो, हेही त्यांनी सांगितलं.

आता मी तुम्हाला विचारतो, त्या वेळी तुम्ही कुठे होता? बघा, समोरचे सगळे चेहरे लगेच सांगायला तयार झाले! (हशा) प्रत्येकाकडे उत्तर आहे. माझ्याकडेही होतं. मी गॅलरीत उभा होतो. समोरच्या झाडावर कावळे बसले होते. ते एकदम उडाले, मला वाटलं काहीतरी होणार, आणि मग आवाज झाला. ही हकिगत मी निदान वीस जणांना ऐकवली असेल. पक्ष्यांना आधी कळतं, हे ऐकणाऱ्याला आवडतं.

पण तेव्हा घरात बसून वेळ जात नव्हता म्हणून मी डायरी लिहायचो. दोन वर्षांनी घर बदलताना ती हाती लागली. त्या दिवसाची नोंद अशी आहे: “१.२० मोठा आवाज. जेवत होतो. दारं हलली. सिलिंडर? ही म्हणाली भूकंप. संध्याकाळी कळलं, विमान.” एवढंच. त्यात गॅलरी नाही, कावळे नाहीत.

कावळे अगदीच खोटे असतील असं मला वाटत नाही. ताट सोडून मी गॅलरीत गेलो असणार, सगळेच गेले होते. तिथे कावळे कालवा करत उडताना दिसले असणार. म्हणजे कावळे खरे, पण आवाजानंतरचे. माझ्या डोक्याने त्यांना उचलून आवाजाच्या आधी नेऊन बसवलं, कारण त्या गोष्टीला सुरुवात नव्हती.

सौभाग्यवतींची आठवण आणखी मजेशीर आहे. त्यांच्या मते आवाज झाला तेव्हा नातवाचा ऑनलाइन वर्ग चालू होता आणि बाईंनी पडद्यावरून विचारलं, तुमच्याकडेही झाला का? नातू पहिलीत गेला २०२१ च्या जूनमध्ये, आणि मे महिन्यात शाळांना सुटी असते. २ जुलै २०२१ ला बेंगळुरूत असाच दुसरा आवाज झाला होता, दुपारच्या सुमारास. बाई त्या दिवशीच्या. घाबरणं मात्र पहिल्या दिवसाचं. दोन्ही मिळून एक आठवण तयार झाली आणि आता ती सुटी करता येत नाही. मी प्रयत्न केला. घरात वाद झाला, पुरावा म्हणून डायरी दाखल केली, तर ती डायरीच चुकीची ठरली.

आजचं माझं म्हणणं एवढंच आहे की अचानक घडलेल्या गोष्टीला पाहणाऱ्याच्या डोक्यात सुरुवात नसते. ती नंतर लिहिली जाते. लिहिणारा खोटं बोलत नसतो, आणि आपण लिहीत आहोत हे त्यालाही माहीत नसतं.

याच शहराचं उदाहरण घेऊ. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून येणारं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान जुन्या एचएएल विमानतळावर उतरण्याआधीच गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं आणि बांधावर आदळलं. १४६ जणांपैकी ९२ गेले, ५४ वाचले. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. पण ते का पडलं, हे ना आतल्यांनी पाहिलं ना बाहेरच्यांनी. इंजिनं किमान शक्तीवर राहिली होती आणि विमान ठरलेल्या वाटेच्या खाली घसरत गेलं, ही ‘आधी’ची गोष्ट दोन ब्लॅक बॉक्सनी सांगितली. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारी फीत त्या काळी शेवटच्या ३० मिनिटांचीच असे. जुनं पुसायचं, नवं लिहायचं, असं ती अखंड फिरत राही. अपघात झाला की थांबे, आणि मागची ३० मिनिटं हाती लागत.

आपल्या डोक्यातही अशी फीत आहे, फक्त फार आखूड. घरात तुम्ही पेपर वाचत असता, स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं जातं, तुम्ही म्हणता “काय?”, आणि तिकडून पुन्हा सांगायच्या आत तुम्हाला कळतं की भाजी कोणती करू असं विचारलंय. ही कानाची फीत, तीन-चार सेकंदांची. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके आपण तिसऱ्या ठोक्याला भानावर येऊन मागून मोजतो, तेही तिच्याच जोरावर. डोळ्याची फीत याहूनही आखूड. १९६० मध्ये जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने क्षणभर अक्षरांच्या ओळी दाखवून ती मोजली. चित्र एका सेकंदाच्या आतच विरून जातं. लोकांना अक्षरं सगळी दिसलेली असतात, पण चार-पाच सांगेपर्यंत बाकीची गेलेली असतात. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची संख्या, जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी-जास्त, अशी सांगितली होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली.

तेव्हा धडाम् झाल्यावर मान वळवणाऱ्या माणसाजवळ काय असतं? कानात तीन-चार सेकंद, डोळ्यात सेकंदभर सुद्धा नाही, हातात चार गोष्टी. आणि त्याला आपण विचारतो, गाडी किती वेगात होती, कोणत्या बाजूने आली, चालवणाऱ्याच्या अंगात काय होतं.

माझ्या वकिलीतला एक साक्षीदार इथे सांगायलाच हवा. १९८७-८८ ची केस. ट्रकने लूनाला ठोकर दिली, लूनावरचा माणूस गेला. कलम २७९ आणि ३०४-अ. मी ट्रक-ड्रायव्हरचा वकील. डोळ्याने पाहिलेला साक्षीदार एकच, वळणावरचा चहा-टपरीवाला. धोतर, वर स्वेटर, हातात टोपी. सरतपासणीत त्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं. ट्रक भरधाव आला, चुकीच्या बाजूला गेला, लूनाला धडक दिली. सरकारी वकील खाली बसले, मी उठलो.

“टपरीचं तोंड कुठे?” “रस्त्याकडं.” “स्टोव्ह?” “मागच्या बाजूला, वारा लागतो म्हणून.” “त्या वेळी काय करत होता?” “चहा गाळत होतो.” “किती कप?” “चार.” “म्हणजे एका हातात गाळणी, दुसऱ्यात पातेलं, आणि पाठ रस्त्याकडे.” तो गप्प. “मग रस्त्याकडे का बघितलंत?” “आवाज आला म्हणून बघितलं.” “म्हणजे टक्कर झाल्यावर!” यावर तो काही बोलला नाही. मी न्यायाधीशांकडे बघून खाली बसलो. आरोपी सुटला. बाररूममध्ये त्या दिवशी चहा माझ्याकडून झाला, आणि पुढची तीस वर्षं मी ज्युनिअर मुलांना ही उलटतपासणी ऐकवत आलो.

त्याच्या गावात त्याला पुढे लोक ‘आवाज’ म्हणून हाक मारू लागले, असंही कानावर आलं.

तो खोटं बोलत होता का? तेव्हा मी म्हटलं असतं, शंभर टक्के, पोलिसांनी पढवलेला. आज तसं म्हणणार नाही. त्याने मान वळवली तेव्हा समोर होता आडवा ट्रक, खाली लूना, काचा, माणूस. कानात ब्रेकचा घासलेला आवाज अजून जिवंत होता. एवढ्या सामानातून डोकं मागे जातं आणि ट्रक यायच्या क्षणापासून सिनेमा तयार करतं. तो सिनेमा त्याने खरोखर पाहिला. फक्त रस्त्यावर नाही पाहिला.

त्यात पोलिसांची भाषा. तुमच्यापैकी कुणी अपघाताची फिर्याद वाचली असेल तर ठाऊक असेल: “हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात”. सायकल असो की सोळा चाकी, जबाबात हेच वाक्य. सीमाभागात तर आणखी एक वळसा असतो. साक्षीदार सांगतो मराठीत, पलीकडच्या ठाण्यात हवालदार लिहितो कन्नडमध्ये, वकील विचारतो आणखी तिसऱ्याच भाषेत, आणि साक्षीदाराला विचारलं जातं, हे तुमचंच म्हणणं ना? तोवर ते खरंच त्याचं झालेलं असतं.

शब्दाने आठवण किती हलते, याचा प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये केला. विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती, असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला. एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा किती, असं विचारलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या गटाला आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. आमच्याकडे तर मराठीत धडक, ठोकर, टक्कर, घासली, चाटून गेली असे कितीतरी शब्द, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. वाचलं तेव्हा मला हसूच आलं. याला प्रयोग कशाला हवा होता? हे आम्हाला तालुक्याला ठाऊक होतं, आणि त्यावर आमची घरं चालली.

वेळेचंही तसंच. त्या २०२० च्या आवाजाबद्दल दुसऱ्या दिवशी बातम्यांत होतं, हादरा पाच सेकंद जाणवला. असा धक्का विमानाच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून येतो, दोन ठोके अगदी जवळजवळ, सगळं मिळून सेकंदाचा अंश. खिडक्या आणखी थोडा वेळ वाजत राहिल्या असतील, पण उरलेली सेकंदं भीतीची. २००७ मध्ये टेक्सासमध्ये स्टेटसन आणि ईगलमन यांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत पाडून पाहिलं. इतरांच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं त्यांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. हाताला बांधलेल्या पडद्यावर झरझर बदलणारे आकडे मात्र पडताना कुणालाच जास्त नीट वाचता आले नाहीत. म्हणजे क्षण लांबतो तो आठवताना. त्यात जास्त काही दिसतं, असं नाही. “साहेब, मला सगळं सावकाश दिसलं” असं सांगणारा साक्षीदार मी पिंजऱ्यात कितीदा तरी ऐकला आहे. त्यावर कोर्टाचा विश्वास चटकन बसतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हे माहीत नव्हतं असं नाही. १९८३ मध्ये गुजरातमधल्या एका अपिलात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी लिहून ठेवलं की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मृतीची अपेक्षा करू नये. घटना त्याला गाठते, तो घटनेची वाट पाहत उभा नसतो. वेळ आणि कालावधी माणसं अंदाजाने सांगतात. निकाल वकिलांना पाठ आहे. पण आम्ही तो वापरला तो साक्षीतली विसंगती ‘किरकोळ’ ठरवायला, किंवा तशी ठरू नये म्हणून भांडायला. साक्षीदार जिथे ठाम असतो तिथेही तेच लागू आहे, हे म्हणायला कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही.

ठामपणाचं एक उदाहरण परदेशातलं देतो. ४ ऑक्टोबर १९९२ ला अॅमस्टरडॅमच्या बाइल्मरमेर भागात मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. त्या क्षणाचं चित्रण कुणी केलेलंच नव्हतं. काही महिन्यांनी संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाची टीव्हीवरची फिल्म तुम्ही पाहिली का? निम्म्याहून अधिक लोक हो म्हणाले. काहींनी विमान कोणत्या कोनात आलं तेही सांगितलं. आज आपल्याकडे फोन आहेत, वीस बाजूंनी चित्रण होतं. त्यातलं आपण काय पाहिलं आणि व्हॉट्सॲपवर काय आलं, हे महिन्याभराने सांगून दाखवा.

याच बेंगळुरूने आठवणीबद्दल उलट समजूतही पसरवली. वीसएक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातले तपास अधिकारी आरोपींना घेऊन इथे नार्को चाचणीला येत. बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यातल्या, आमच्या खानापूरच्या तेलगीची चाचणी इथलीच. तिच्या फिती वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवल्या, आणि घरोघरी समजलं की स्मृती म्हणजे कुलूपबंद ट्रंक, सुई टोचली की उघडते. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असं सांगितलं. निकाल स्वातंत्र्याच्या अंगाने आला, फार चांगला आला. ट्रंकेची समजूत मात्र गेली नाही.

आणि ती महाग पडते. ११ जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट आठवा. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, आणि प्रकरण तिथे आहे; निकाल बरोबर की चूक हे मी बोलणार नाही. पण उच्च न्यायालयाने प्रत्यक्षदर्शींबद्दल विचारलेले प्रश्न प्रत्येक तालुका कोर्टात भिंतीवर लावावेत असे आहेत. टॅक्सीत बसलेलं अनोळखी गिऱ्हाईक शंभरहून अधिक दिवसांनी चेहऱ्यासकट कसं आठवतं? इतके दिवस गप्प का? ओळख परेड कुणी घेतली आणि त्याला तो अधिकार होता का? पुढे चार वर्षांनी कोर्टात बोट दाखवलं, ते कोणत्या आठवणीकडे? त्या संध्याकाळी गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली. त्यांना या प्रश्नांचं काय करायचं?

वकील म्हणून मला विचाराल तर पहिला जबाब लवकर घ्या, साक्षीदाराला एकटं बसवून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहा, आणि त्याने कुठून पाहायला सुरुवात केली ते आधी विचारा. पोलीस ठाण्याच्या बाकावर चार साक्षीदार दोन तास शेजारी बसले की चौघांचा ट्रक एकाच रंगाचा होतो.

हे व्याख्यान लिहायला बसलो तेव्हा मला त्या टपरीवाल्याच्या साक्षीची नक्कल हवी होती. तुम्हाला शब्दशः ऐकवावी म्हणून. जुनी कागदपत्रं गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. पुतण्याने फोटो काढून पाठवले. साक्ष दीड पानाची, टाइप केलेली, खाली त्याचा अंगठा. त्यात चहा गाळण्याचा उल्लेख नाही. चार कप नाहीत. तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता. उलटतपासणीच्या शेवटी ओळ आहे: “माझी पाठ रस्त्याकडे होती हे म्हणणे खरे नाही.” त्याच्याखाली आणखी एक: “मी आवाजानंतर पाहिले हे म्हणणे खरे नाही.”

म्हणजे तो गप्प बसला नव्हता. त्याने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं.

निकालपत्रही पेटीत होतं. टपरीवाल्याबद्दल त्यात एकच ओळ आहे, तीही फारशी वाईट नाही. आरोपी सुटला तो घटनास्थळाच्या पंचनाम्यातल्या टायरच्या खुणांवर. लूना उजवीकडे आली होती, असं त्या खुणांवरून दिसत होतं. ती टपरी मी कधी पाहिलेलीच नाही. पंचनाम्याच्या नकाशात एक चौकोन आहे, त्यावर ‘चहा’ लिहिलं आहे. स्टोव्ह मागच्या बाजूला होता, वारा लागत होता, हे मला आजही दिसतं.

आणि त्याला गावात ‘आवाज’ म्हणत, हे मला कुणी सांगितलं, ते परवापासून आठवतोय. अजून आठवलेलं नाही.